दांडा बसवला तेव्हा मी गाडीत बसले होते

आमच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. काळी, गोल पाठीची, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. ती कधी सरळ उभी राहायची नाही, डाव्या अंगाला कललेली असायची. येणारे-जाणारे थांबून विचारायचे की हिच्या टायरात हवा नाही का. तर आमचे हे सांगायचे, हवा आहे, पुढच्या सीटवर आमची मंडळी बसलीय. मी तेव्हा पडवीत तांदूळ निवडत असायची, त्या माणसाच्या अगदी समोर. तो माझ्याकडे बघायचा, मग रिकाम्या सीटकडे बघायचा, आणि पुढे काही न विचारता चालू पडायचा.

हे कसं झालं ते सांगते. पण त्यासाठी आधी सासूबाईंच्या पोटापासून सुरुवात केली पाहिजे.

सासूबाईंना गाडी लागायची. कोणाला घाटात लागते, कोणाला लांबच्या प्रवासात लागते. यांना एसटी नुसती लांबून येताना दिसली तरी तोंडाला पदर लागायचा. जीप नाही, टेम्पो नाही, रिक्षा तर नाहीच. बैलगाडी तेवढी चालायची. त्याचं कारण त्या असं सांगायच्या, की बैलगाडीत पुढे कोण ओढतंय ते दिसतं. ज्या गाडीत ओढणारा दिसत नाही तिच्यावर पोटाचा विश्वास बसत नाही.

आणि त्यांना बहिणीकडे जायचं होतं. दोघीच बहिणी. धाकटी टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या अंगाला एका गावात दिलेली. आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आत. पूर्वी दोघी उन्हाळ्यात चालत जायच्या-यायच्या, वाटेत मुक्काम करून. मग सासूबाईंचे गुडघे गेले आणि मावशींची कंबर गेली. मावशी अंगणाच्या पलीकडे पाऊल टाकू शकत नव्हत्या, आणि सासूबाईंना गाडीत बसता येत नव्हतं. अशी कित्येक वर्षं गेली. वालाची पुरचुंडी, सुकट, नाचणीचे पापड असं काहीबाही एसटीने इकडून तिकडे जायचं, त्याच्याबरोबर निरोप जायचा, माणूस काही जात नव्हतं. सणाला सासूबाई पहिला घास हातात धरून क्षणभर थांबायच्या. काय झालं विचारलं तर म्हणायच्या, काय नाय, तिकडं काय रांधलं असंल ते बघते. डोळे मिटून बघायच्या आणि मग जेवायच्या.

गाडी कशी आली तेही सांगून टाकते. आमचे हे भातसानगरला धरणावर कामाला होते. तिथले एक साहेब बदलून गेले. त्यांची ही मोटार आंब्याखाली उभी होती, तिच्यात कोंबड्या राहायच्या. साहेबांनी ती ह्यांना देऊन टाकली, कोंबड्यांसकट म्हणायला हरकत नाही, कारण पुढे दोन पावसाळे मागच्या सीटच्या फटीतून पिसं निघत होती. ह्यांनी ती खोलली, जोडली, पुन्हा खोलली. घरात स्वयंपाकाची भांडी कमी आणि गाडीचे भाग जास्त अशी अवस्था झाली. शेवटी एकदाची ती चालू झाली, तेव्हा पहिली फेरी आईची, असं ह्यांनी जाहीर केलं. थेट मावशीकडे.

सासूबाई तयार झाल्या. लुगडं नेसल्या, बहिणीसाठी वाल घेतले, पुढे बसल्या. मुरबाड यायच्या आतच त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि पुढचं काही तुम्हाला सांगत नाही. त्यानंतर त्या उतरल्या आणि परत घराकडे चालायला लागल्या, तशाच, दुखऱ्या गुडघ्यांनी. ह्यांनी विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. मग पुढे सासूबाई चालतायत आणि मागून गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू येतेय, प्रत्येक खड्ड्याला पाळण्यासारखी डुलत, अशी आमची वरात गावात आली. घरी आल्यावर पाणी प्यायल्या आणि निकाल दिला.

"गाडी वाईट नाय रे. डुलते ती. तिचं डुलणं थांबव, मंग बसते."

आमच्या ह्यांना एवढंच पुरे होतं.

ते शहापूरच्या मिस्त्रीकडे गेले. हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. माणूस अंगाने भरलेला, तोंडात कायम काहीतरी चघळत असलेला, आणि कुठलंही काम सांगितलं की आधी "होऊन जाईल" म्हणायचा, मग काम काय आहे ते विचारायचा. त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि सांगितलं की हिला पुढे स्टॅबिलायझरचा दांडा नाही. काही गाड्यांना येतानाच असतो, हिला नव्हताच. तो बसवला की डुलणं बंद.

मला हे काही कळेना. मग ह्यांनी मला खुंटीवरचं जू काढून दाखवलं. म्हणाले, गाडी वळणावर गेली की एका अंगाला झुकते. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये पोलादी दांडा आडवा जोडला, की एक बाजू खाली जायला लागली तर ती दुसरीलाही खाली ओढते. दुसरी यायला तयार नसते. त्यामुळे दोन्ही मधल्यामध्ये अडकून राहतात आणि गाडी सरळ राहते. मी म्हटलं, म्हणजे दोन जावांना एका चुलीवर ठेवल्यासारखं. ते म्हणाले, अगदी तसंच.

तर आता दांडा शोधणं आलं. ह्या गाडीचा म्हणून दांडा कुठे मिळणार नव्हता, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा आणून बसवायचा होता. ह्यांनी गाडीखाली शिरून सुतळीने माप घेतलं, टोकाला गाठ मारली आणि सुतळी खुंटीला लावली. ती सुतळी शेळीने खाल्ली, म्हणजे सगळी नाही, गाठीकडची टोकाची. ह्यांना ते कळलं नाही. त्यांनी उरलेल्या सुतळीला पुन्हा गाठ मारली, गाठ सुटली असेल असं समजून, आणि ती घेऊन भंगारवाल्याकडे गेले. त्यामुळे पहिला दांडा आला तो शेळीच्या मापाचा.

तोवर गावात ही बातमी झाली होती. आमच्याकडे कोणाचं काही बिघडलं की सगळा गाव डॉक्टर होतो, आणि इथे तर म्हातारीचं पोट आणि मोटार असे दोन पेशंट होते. कोणी म्हणालं मागे भाताची पोती भरा, जड गाडी डुलत नाही. भरली. तर गाडीचं तोंड असं वर गेलं की पुढचे दिवे आंब्याच्या शेंड्याकडे बघायला लागले. शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी सुचवलं, आजींना उलट्या तोंडाने बसवा, मागचा रस्ता बघत. सासूबाई म्हणाल्या, मला बहिणीकडे जायचंय, माझ्याच घराकडे बघत कशाला जाऊ.

असे करत करत पडवीत तीन दांडे जमले. एक टेम्पोचा, जाड, मुसळाने मान खाली घालावी असा. एक शेळीच्या मापाचा, नव्या छोट्या मोटारीचा, बारीक. आणि एक जुन्या टॅक्सीचा, मधला. मिस्त्री एका सकाळी बघायला आला. जाड बसवला तर गाडी डुलणार नाही पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही उडी मारेल, बारीक बसवला तर बसवून न बसवल्यासारखा, असं काहीतरी तो सांगत होता. पण आमचे हे म्हणाले, आईला बसायचंय तर आईनेच निवडावा.

सासूबाईंनी तिन्ही दांडे समोर घेतले. आमच्याकडे बायका मडकं घेताना बोटाने ठणकावून बघतात, तसा प्रत्येक ठणकावला. मांडीवर आडवा घेतला. मग चौकशी सुरू केली. ही चौकशी मी पूर्वी अनेकदा ऐकलेली होती. मुलगी दाखवायला आणली की अशीच व्हायची.

"हा कुठला?"

"टेम्पोचा आहे, आजी," मिस्त्री म्हणाला.

"टेम्पोत काय वाहायचे?"

"विटा."

"म्हंजे हा मला वीट समजून नेनार. नको. हा?"

"ही नवी गाडी होती. अपघात झाला तिला."

"अपघात झालेल्या घरची सोयरीक नको. आनि हा?"

"टॅक्सीचा."

सासूबाईंनी तो पुन्हा मांडीवर घेतला. टॅक्सीत रोज वेगळी माणसं बसतात, म्हणाल्या, म्हातारी, पोरं, बाळंतिणी. ह्याला माणसाची सवय आहे. हाच घ्या. मिस्त्रीला पण तोच हवा होता, जाडीमुळे. त्याने जाडीचं कारण पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पण सासूबाईंचं दांड्याला कुंकू लावून झालं होतं.

बसवायचा दिवस ठरला. खळ्यावर, कारण तिथली जमीन सारवून घट्ट आणि सपाट. मिस्त्री त्याच्या टेम्पोतून जॅक, पाने, वेल्डिंगचं यंत्र सगळं घेऊन आला. दांड्याभोवती घालायला टायरच्या रबरातून कापलेले तुकडे, बुश म्हणतात ते, आणले होते, दांडा पकडायला पट्ट्या आणल्या होत्या. काम सुरू करणार तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, थांबा.

आमच्या घरची एक रीत आहे. बैलगाडीला नवा आस घालायचा असला, की गाडी रिकामी असताना तो घट्ट करायचा नाही. रिकाम्या गाडीत कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही, आणि एकदा आस घट्ट झाला की आत जो असेल तो कायमचा बसला. म्हणून आधी घरच्या सवाशिणीला बसवायचं, ओटीत नारळ द्यायचा आणि मग काम करायचं. सासूबाई स्वतः बसू शकत नव्हत्या, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहिले मी.

मिस्त्रीने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आभाळाकडे बघितलं. मी नारळ घेऊन पुढच्या डाव्या सीटवर बसले. तिथेच सासूबाईंना बसायचं होतं, म्हणून तिथेच मला बसवलं. तेव्हा मी आजच्यासारखी नव्हते. चांगली भरलेली होते. भाताचं पोतं मी एकटी कडेला सारायची.

मग मिस्त्रीने जॅक लावला आणि मी वर जायला लागले. नारळासकट. खालून तो कण्हत होता, म्हणत होता वहिनी हलू नका, आणि मी हलत नव्हते, पण हसू येत होतं आणि हसलं की गाडी हलत होती. शेजारच्या बायका जमल्या. एकीने खिडकीतून मला हळदकुंकू लावलं, एरवी आमचं बोलणं नव्हतं तिचं-माझं. दुसरीने विचारलं वरून काय काय दिसतं. सासूबाईंनी पाहिलं की मी रिकामी बसलेय, तर मोड आलेले वाल आणून माझ्या मांडीवर दिले सोलायला. बिरड्याचे वाल मी त्या दिवशी अधांतरी सोलले. मधे मला एकदा उतरायची फार निकड लागली, पण सासूबाई खाली उभ्या होत्या आणि त्यांनी नजरेनेच सांगितलं की नाही.

जेवणवेळ झाली. मिस्त्री खाली भाकरी-सुकट जेवला, मी वर जेवले. मग त्याने गाडी खाली घेतली. शेवटचं घट्ट करायचं ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच करायचं असतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे म्हणे. दांड्याच्या दोन्ही टोकांना लहान लहान लिंक असतात, त्यांचे नट फिरवून माप बसवायचं. त्याने खाली पडून ते बसवलं. दोन्ही बाजू छान ताणून घेतल्या. आमच्या ह्यांना वाटलं की मुरबाडच्या रस्त्यावर माणसाचे दात ढिले होतात, तिथे नट काय टिकणार. म्हणून त्यांनी नटांवर वेल्डिंगचे टाके मारायला लावले. माझ्या पायाखाली ठिणग्या उडत होत्या आणि मी वाल सोलत होते. सासूबाई समाधानाने बघत होत्या.

झालं, म्हणाला मिस्त्री. मी नारळ घेऊन उतरले.

गाडी होती तशीच राहिली. म्हणजे मी बसल्यावर डावीकडे जशी झुकली होती, तशीच झुकून. माणूस उतरलं की गाडी वर येते, ती काही आली नाही, थोडीशी हलली आणि पुन्हा तशीच.

मिस्त्रीने टायर बघितलं. हवा बरोबर. मग म्हणाला जमीन उतरती आहे. तोंड फिरवून गाडी उलटी उभी केली. तरी झुकली डावीकडेच. पाण्याने भरलेला तांब्या टपावर ठेवून बघितला. मग तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं आणि त्याच्या तोंडातलं चघळणं थांबलं.

झालं होतं असं, की मी बसलेली असताना गाडी डावीकडे झुकलेली होती आणि त्याच स्थितीत त्याने दांडा घट्ट केला. आता दांड्याला तीच स्थिती सरळ वाटत होती. मी उतरले तरी तो गाडीला तिकडेच ओढून धरत होता. जणू मी अजून बसलेलीच आहे. एवढं सोपं, पण रिकाम्या गाडीत काम करायची सवय असलेल्या माणसाच्या ते ध्यानात कसं यावं? त्याच्या आख्ख्या धंद्यात कोणी सवाशीण बसवून दांडा घट्ट करायला लावला नव्हता.

टाके कापतो, म्हणाला, वहिनींना उतरवून परत माप घेतो, होऊन जाईल. पण सासूबाई आडव्या आल्या. सवाशीण बसवून घट्ट केलेलं सोडायचं नसतं. सोडलं तर आतली बाहेर आणि बाहेरची आत होते. म्हणजे नक्की काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. मिस्त्रीने पाने गोळा केले. जाताना मला म्हणाला, वहिनी, तुमी गाडीला लागलात.

आता गाडी चालवून बघणं भाग होतं. हे एकटे बसले तर ते उजवीकडे आणि नसलेली मी डावीकडे, त्यामुळे बरंचसं जमायचं. पण माझे हे तेव्हा काटकुळे. मग मी त्यांच्या मागे बसले, उजवीकडे, तर गाडी पाटावरच्या बाहुलीसारखी सरळ. म्हणजे एक मी पुढे, न दिसणारी, आणि एक मी मागे, तिचं वजन फेडायला. एकाच गाडीत मी दोनदा. आणि वळणावर खरंच डुलली नाही. भातसाच्या रस्त्याच्या वळणांवर ह्यांनी मुद्दाम नेली, गाडी अशी गेली की जशी रुळावरून. खड्ड्यात जरा ताठपणाने आपटायची, पण डुलणं म्हणून राहिलंच नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, आये, चल.

सासूबाई आल्या, दार उघडलं, वाकून आत बघितलं. आणि मागे सरकल्या.

"ती जागा सुनेची हाय," म्हणाल्या.

ह्यांना कळेना. मला कळलं. त्यांच्या हिशेबाने गाडी घट्ट केली तेव्हा मी आत होते, आणि आत होते ती अजून तिथेच होते. गाडी झुकलेली समोर दिसतच होती, आणखी पुरावा काय हवा. मागे बसावं तर त्यांना मागे बसलं की हमखास लागायची, तो प्रश्नच नव्हता. आणि पुढे सून बसलेली. आयुष्यभर ज्या बाईने मला जरा सरक म्हणून कधी सांगितलं नाही, सरळ कोपराने सारलं, ती बाई आता रिकाम्या सीटसमोर संकोचून उभी राहिली होती. बसलेल्या सवाशिणीला उठवायचं नसतं. परत घरात गेल्या.

अशी ती गाडी अंगणात डाव्या अंगाला कलून उभी राहिली आणि सासूबाई पडवीतून तिच्याकडे बघत राहिल्या. जायचं आहे, डुलणं थांबलंय, मुलगा हात जोडतोय आणि मधे मी. मी भाकऱ्या थापताना त्या माझ्याकडे अशा बघायच्या की इकडे पण ही आणि तिकडे पण हीच.

मग एक दिवस टोकावड्याकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला. मावशींनी सांगितलं होतं, तुझ्या लेकाने गाडी घेतलीय म्हणे, मग माझ्या मयताला तरी येशील का, की तेव्हाही वालच धाडशील. कंडक्टर बिचारा सांगताना अवघडला होता. सासूबाईंनी निरोप ऐकला, त्याला पाणी दिलं, आणि त्या दिवशी दुपारी त्यांनी पेटीतून चांगलं लुगडं काढून उन्हात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाहेर बोलावलं. गाडीचं दार उघडं होतं. त्या नेसून तयार, हातात वालाची पिशवी.

"गो, तूच सांग तुला उठायला."

"मी हितं उभी हाय ना, आत्या."

"ही उभी हाय. ती बसलीय, तिला सांग. माझं ऐकनार नाय ती, तुझं ऐकंल."

हे गाडी पुसत होते, ते पुसायचे थांबले. मी काय करणार. मी हळदकुंकवाची कुयरी आणली, सीटला कुंकू लावलं, वाकले आणि म्हटलं, बाई, ऊठ जरा. आत्यांना बहिणीकडं जायचंय. सांगताना मला लाज वाटली, आणि गंमत म्हणजे थोडा रागही आला तिचा, की बसलीय बघा कशी निवांत.

"उठली?" सासूबाईंनी विचारलं.

मी बघितलं. गाडी होती तशी कललेली. उठली म्हणावं तर त्यांनी लगेच टायरकडे बोट दाखवलं असतं. नाही म्हणावं तर त्या घरात जाणार, आणि लुगडं परत पेटीत.

"उठत नाय," मी म्हटलं, "पन सरकली."

सासूबाईंनी जरा विचार केला. "तुझीच ती," म्हणाल्या. "सरकली तरी लई झालं." आणि अर्ध्या सीटवर, दाराकडच्या बाजूने बसल्या. गिअरकडची अर्धी जागा त्यांनी शेवटपर्यंत मोकळी सोडली.

मी मागे, ह्यांच्या पाठीशी. गाडी निघाली. मुरबाडपर्यंत ह्यांची नजर रस्त्यावर कमी आणि आईच्या पदरावर जास्त. पदर तोंडाकडे जायला लागला की त्यांचा पाय ब्रेककडे जायचा. पण पुढे सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळून बोलायला लागल्या. तिच्याशी, म्हणजे माझ्याशीच, पण मागच्या माझ्याशी नाही. म्हणाल्या, ही मागं बसलीय ना, ही मीठ हात सोडून घालते. कपडे दोरीवर पिळून घालत नाही. दिवसभर बडबड करते. सगळा पाढा वाचला माझा, माझ्याजवळच. मी मागे ऐकतेय. सरळगाव मागे पडलं तसा आवाज जरा खाली आला आणि म्हणाल्या, तिला सांगू नको, पन बिरडं माझ्या बहिनीपेक्षा चांगलं करते.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि आताही मला सांगितलं नव्हतंच.

टोकावड्याला गाडी थांबवावी लागली. सासूबाईंसाठी नाही, माझ्यासाठी. तो ताठ दांडा, ते खड्डे आणि मागच्या सीटची जुनी स्प्रिंग. मला जन्मात कधी गाडी लागली नव्हती. मी धाब्याच्या मागे जाऊन आले, तोंड धुतलं, लिंबू घेतलं. सासूबाई जागेवर बसून होत्या, कोरड्या ठणठणीत. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाल्या, ही बघ कशी गप बसलीय, शीक जरा.

मावशींच्या अंगणात पोचलो तेव्हा त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. कंबरेतून पार वाकलेल्या, चेहरा वर करायला त्यांना मान तिरकी करावी लागायची. ह्यांनी गाडी सावलीत गोठ्याच्या भिंतीशी लावली, पळत जाऊन आईचं दार उघडलं. सासूबाई उतरल्या नाहीत. आम्हाला वाटलं गुडघे धरले असतील. ते नव्हतं. त्या म्हणाल्या, मी उतरले तर ही परत हातपाय पसरून बसंल, मंग मी घरी कशी जाऊ. ह्यांनी समजावलं, मी समजावलं, पाहिजे तर तिला मी परत सांगते म्हटलं. नाही. एकदा सरकली ते नशीब, रोज रोज सरकत नसते कोणाची सून.

मावशींनी हे सगळं अंगणातून ऐकलं. कोण सरकली, कोण बसलीय, ते विचारलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "ती येत नाय तर मी जाते." आणि काठी टेकत टेकत निघाल्या. अंगणाच्या कडेला थोडा उंचवटा होता, तिथे थांबल्या, श्वास घेतला आणि तो ओलांडून आल्या. पुढे मोकळी जागा एकच होती, चालकाची. आम्ही दोघांनी धरून त्यांना तिथे बसवलं. वाकलेल्या कंबरेमुळे त्या आपोआप स्टिअरिंगवर ओणवल्या आणि दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"जाडी झालीस," मावशी म्हणाल्या.

"तू बुटकी झालीस."

एवढं बोलून झाल्यावर मग कोणी थांबेना. माहेरची विहीर, मेलेली माणसं, कोणाच्या सुना, कोणाचे गुडघे. मी खिडकीतून चहा दिला, खिडकीतूनच ताटं दिली. ताटं मांडीवर घेऊन जेवल्या, मधल्या मोकळ्या जागेला कोणाचं कोपर लागू न देता. आम्ही पडवीत बसलो. ह्यांनी दोनदा जाऊन विचारलं की आता घरात येता का, तर दोघींनी एकदमच हात हलवून त्यांना घालवलं.

उन्हं उतरायला लागली तशी मी पान द्यायला गेले. मावशींनी स्टिअरिंग सोडलेलं नव्हतं.

"सोड ना गो गाडी," सासूबाई म्हणत होत्या. "जरा फिरून येऊ."

"मला कुठं चालवता येते?"

"मला तरी बसता कुठं येत होतं?"

मावशींना ते पटलं. त्यांनी काठी पायाशी नीट ठेवली, मान तिरकी करून काचेतून समोर बघितलं आणि स्टिअरिंग थोडं डावीकडे फिरवलं. सासूबाईंनी एका हाताने दार धरलं, दुसऱ्या हाताने पानाचा विडा. काचेच्या पुढे हातभर अंतरावर गोठ्याची भिंत होती, तिच्यावर शेणी थापलेल्या.

"हळू घे," सासूबाई म्हणाल्या. "वळन हाय."